बायोमेडिकल सायन्सेस शिकून माणूस नेमका होतो कोण?

निळीशाई

भाचीला विद्यापीठात बायोमेडिकल सायन्सेस घ्यायचंय. वैद्यकीयला नंबर लागला नाही म्हणून नव्हे, तिने तिकडे अर्जच केला नाही. ताईला हे पटलंय, भाऊजींना नाही. त्यांचा एकच प्रश्न: "शिकून बाहेर पडल्यावर दारावरच्या पाटीत नावापुढे काय लिहायचं?" डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, फार्मासिस्टही नाही. घरात विज्ञान शिकलेली मी एकटी (तेही भौतिकशास्त्र, आणि त्याला वीस वर्षं झाली), त्यामुळे चौकशीचं काम माझ्या गळ्यात.

अभ्यासक्रम चाळला. आधी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पेशीविज्ञान, सांख्यिकी. मग रोगप्रतिकारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जनुकशास्त्र, औषधशास्त्र. पुढे निवडीचे विषय आणि शेवटी एक संशोधन प्रकल्प. वाचायला झकास. पण प्रत्येक माहितीपत्रकाच्या शेवटी 'विविध क्षेत्रांत उज्ज्वल संधी' एवढं एक वाक्य असतं आणि तिथेच गाडी थांबते.

इथे या क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत हे ठाऊक आहे. 'खूप स्कोप आहे' सोडून काहीही सांगा. तुम्ही कामावर जाऊन दिवसभर काय करता, तेवढं लिहिलंत तरी चालेल.

उंटावरचा_शहाणा

रुग्णालयातली एमआरआय नि डायलिसिसची यंत्रं सांभाळतात ते हेच ना? मागणी भरपूर आहे. बिनधास्त घ्या.

पेशीपुराण

शहाणे, ते बायोमेडिकल इंजिनिअरिंग. आडनाव एक, घराणी वेगळी. तिकडे गणित, इलेक्ट्रॉनिक्स, पदार्थविज्ञान. इकडे पेशी, रक्त, जंतू, जनुकं. हा घोळ इतका नेहमीचा आहे की आमच्या वर्गात दोघंजण पहिल्या सहामाहीत "सर्किट कधी शिकवणार?" विचारत होते. एक नंतर खरंच तिकडे गेला.

माझ्याबद्दल सवडीने लिहिते. आत्ता ऊतीसंवर्धनाच्या खोलीत जायचंय, आणि तिथे फोन नेत नाही.

मुक्कामपोस्ट

वाचतेय. लेकाचं पुढच्या वर्षी आहे.

रात्रपाळी

निळीशाई, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं आहे, जीवरसायन विभागात. पदवी हीच. तुम्ही 'दिवसभर काय करता' विचारलंत, मी रात्रीचं सांगतो.

पाळीवर आलो की आधी यंत्रांची गुणवत्ता चाचणी. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा द्रव यंत्राला द्यायचा आणि ते काय सांगतं ते आलेखावर मांडायचं. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांबाहेर बिंदू गेला तर कान टवकारायचे, तीनबाहेर गेला तर काम बंद. बिंदू मर्यादेत असले तरी ओळीने एकाच बाजूला पडत असले तर काहीतरी हळूहळू सरकतंय म्हणून शोध घ्यायचा. हे वाचायला कंटाळवाणं वाटलं ना? करायलाही आहे. पण ते केल्याशिवाय रात्रभर येणाऱ्या शेकडो आकड्यांपैकी एकाचाही भरवसा धरता येत नाही.

एका रात्री तीनच्या सुमारास एक नमुना आला. पोटॅशियम ८.९. साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. साडेसहाच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती, म्हणजे ८.९ हा 'आत्ताच्या आत्ता वॉर्डला फोन कर' असा आकडा. रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढलेलं दिसतं, पण मग सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) लालसर दिसतं. हे पिवळंधमक होतं, स्वच्छ. फोन केला. तिकडची डॉक्टर म्हणाली, "रुग्ण उठून बसलाय, माझ्याशी बोलतोय, ईसीजी ठीक आहे. पण आकडा असा असेल तर उपचार सुरू करते." मी म्हटलं, दहा मिनिटं द्या, नवीन नमुना पाठवा, आणि रक्त कुठल्या नळीत आधी घेतलं ते विचारा.

झालं होतं असं: जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त जास्त आलं, दुसरीत कमी पडलं, म्हणून कुणीतरी पहिलीतलं थोडं दुसरीत ओतलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमचं क्षार असतं. ८.९ त्या नळीचं होतं, माणसाचं नव्हतं. नवा नमुना ४.२. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन-ग्लुकोज दिलं असतं तर ज्याचं पोटॅशियम चांगलं होतं त्याचं विनाकारण खाली ओढलं असतं.

ही माझी नोकरी. रुग्णाला मी कधीच दिसत नाही. ज्याला शाबासकी लागते त्याने या वाटेला जाऊ नये.

आता भाऊजींच्या पाटीबद्दल. पदवीच्या नावाला भुलू नका. ती पदवी नोंदणीला चालते का, हे पाहा. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही कायद्याने राखीव उपाधी आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंद असल्याशिवाय ती लावता येत नाही. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सची मान्यता असलेली पदवी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काम करून भरलेली प्रशिक्षणाची वही, हा सरळ रस्ता. अमेरिकेत याच कामाला मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट म्हणतात आणि अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजीची परीक्षा असते. बाकी देशांत नावं निराळी, नियम निराळे. पण शेजारशेजारच्या दोन विद्यापीठांत एकाच नावाची पदवी असते, एक मान्यता असलेली आणि एक नसलेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या हाताखाली एकजण असा आला की त्याला हे पदवी मिळाल्यावर कळलं. चांगला मुलगा, हात सफाईदार, पण राहिलेले विषय भरून काढण्यात दीड वर्ष गेलं.

मेणकापी

रात्रपाळी, दंडवत. माझ्या कामातही रुग्ण भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. ऊतीविकृतिशास्त्र. फॉर्मालिनमध्ये टिकवलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर चारेक मायक्रॉनचे काप काढायचे, त्यांची फीत कोमट पाण्यावर सोडायची आणि सुरकुती न पडू देता काचपट्टीवर उचलायची. सुरकुती पडली की पेशी एकावर एक दिसतात आणि पॅथॉलॉजिस्ट कपाळाला हात लावतात. शिकायला तीन महिने लागले, त्यातला पहिला महिना निव्वळ सुरकुत्या. हातांना निवांतपणा असलेल्यांनी जरूर या.

मुक्कामपोस्ट

एक भोळा प्रश्न. आता सगळं यंत्रच करतं, मग माणूस किती दिवस लागणार?

रात्रपाळी

यंत्राने ८.९ छापलंच होतं, मुक्कामपोस्ट. तेही दशांशासकट.

बरं, थट्टा बाजूला. नळ्या फिरवणं, झाकणं उघडणं, मोजणं हे यंत्राकडे गेलंच आहे, आणि तेवढ्यापुरत्या जागा कमी होतात हेही खरं. संशय घेणं अजून आमच्याकडे आहे.

पेशीपुराण

आले. सहा तासांनी.

मी संशोधनातली. पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, आणि सध्या दुसरं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची कराराची संशोधन-नोकरी. विषय रोगप्रतिकारशास्त्र. दिवसभर पेशी वाढवते, त्यांना काहीतरी देते आणि त्या काय करतात ते बघते. बहुतेक वेळा त्या काहीच करत नाहीत.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगते. माझ्या पेशी वाढत होत्या, पण रमतगमत. द्रव गढूळ नाही, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू नाही, रंग ठीक. मी माध्यम बदललं, सीरम बदललं, इन्क्युबेटर बदलला. प्रयोगाचे निकाल एकदा असे, एकदा तसे. पाच महिने गेले. शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "मायकोप्लाझ्मा पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. हा जंतू इतका बारीक नि लवचीक की नेहमीच्या ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून आपण सवयीने घालतो त्या पेनिसिलिनचं त्याच्यापुढे काही चालत नाही. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) केलं तर पट्टी अशी ठळक उमटली की रडू आलं. गोठवून ठेवलेल्या कुप्यांसकट सगळं टाकलं. पाच महिन्यांच्या वह्यांवर रेघ.

तेव्हापासून दर महिन्याला तपासते, आणि नवीन मुलं आली की पहिल्याच दिवशी ही गोष्ट ऐकवते. ती ऐकून घेतात आणि तपासत नाहीत. त्यांचीही पाळी येते.

नोकरीचं म्हणाल तर संशोधनात खरी चणचण पीएचडीनंतर सुरू होते. पीएचडीवाले पुष्कळ, प्राध्यापकाच्या जागा मूठभर. मधली वर्षं दोन-तीन वर्षांच्या करारांवर. हल्ली आम्हाला धीर द्यायला सगळे एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिकोंचं उदाहरण देतात: १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर ढकललं, आणि २०२३ मध्ये ड्रू वाइसमन यांच्याबरोबर नोबेल. मोठ्याच बाई, वादच नाही. पण मला ते ऐकून धीर येत नाही. अठ्ठावीस वर्षांचा हिशोब डोळ्यांपुढे येतो.

तरी विचाराल तर पुन्हा हेच करेन. जगात आपल्या आधी कुणालाच माहीत नव्हती अशी एखादी बारीकशी गोष्ट संध्याकाळी साडेसातला रिकाम्या खोलीत आपल्याला कळते. ते दोन-तीनदाच झालंय, पण झालंय.

रात्रपाळी

पेशीपुराण, लिहिलंत छान. पण एक खटकतं. विद्यापीठात सगळे प्राध्यापक तुमच्या वाटेचे असतात, म्हणून मुलांना वाटतं संशोधन हीच खरी वाट आणि आम्ही म्हणजे राहून गेलेले. आमच्या शेवटच्या वर्षाला मार्गदर्शक मला म्हणाले होते, "तू हुशार आहेस, प्रयोगशाळेत कशाला जातोस?" प्रयोगशाळेतच उभे होतो आम्ही तेव्हा!

पेशीपुराण

मान्य. आणि तुमच्याकडच्या खोळंब्यातूनही संशोधन निघतंच की. जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूचं घ्या. रॉबिन वॉरन पॅथॉलॉजिस्ट, बॅरी मार्शल तरुण डॉक्टर. पोटातल्या त्या नागमोडी जंतूच्या बशा दोन दिवस वाढ दिसली नाही की टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या लांब सुटीत बशा तशाच इन्क्युबेटरमध्ये राहिल्या आणि जंतू उगवले. त्यांना वेळच जास्त लागत होता. त्यावर २००५ चं नोबेल. त्या सुटीत कुणी शिस्तीने आवरायला आलं असतं तर?

उंटावरचा_शहाणा

म्हणजे आळस हीच शोधाची जननी. हे माझ्या बायकोला कुणीतरी सांगा.

तळटीप

प्रयोगशाळेचा वास सहन न होणाऱ्यांची बाजू मांडते. मला शेवटच्या वर्षी कळलं की पिपेट हातात धरून आयुष्य काढणं आपल्याच्याने होणार नाही. (अंगठा दाबायचा पहिल्या टप्प्यापर्यंत, सोडायचा हळूच, रिकामा करायचा दुसऱ्या टप्प्यापर्यंत. मी दर वेळी घाईत दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचे आणि माझा प्रमाण आलेख जिन्यासारखा यायचा.) मी औषधसुरक्षेत आले.

काम असं: औषध बाजारात किंवा चाचणीत असताना कुणाला त्रास झाला की त्याची नोंद आमच्याकडे येते. नोंद धरायला चार गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, ओळखता येईल असा कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. यातलं एक नसेल तर पाठपुरावा करायचा. चाचणीतल्या औषधाने अनपेक्षित आणि जीवघेणी प्रतिक्रिया दिल्याचा संशय असेल तर सात दिवसांत नियामकांना कळवावं लागतं, इतर गंभीर अनपेक्षित प्रतिक्रियांना पंधरा. म्हणजे घड्याळाशी मैत्री हवी. हे नियम कुणी हौसेने केलेले नाहीत. १९५०च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांना दिलं गेलं आणि हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. औषधांवर आजच्यासारखी नजर ठेवायला जग त्यातून शिकलं.

इथे पदवीचा उपयोग होतो का? रोज. 'यकृताची विकरं तिप्पट वाढली' हे वाचून काय वाटायला हवं, ते औषधशास्त्र नि शरीरक्रिया शिकल्याशिवाय समजत नाही. माझ्यासोबतचे काही चाचण्यांचं निरीक्षण करतात, म्हणजे केंद्राकेंद्रांवर जाऊन कागद आणि वस्तुस्थिती जुळते का पाहतात, पायाला भिंगरी. काही नियामक मंजुरीचे दस्त करतात. काही वैद्यकीय लेखनात. हे धंदे आहेत हेच मला पदवी संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

पाचवा_दिवस

आणखी एक, थोडक्यात. मी भ्रूणतज्ज्ञ. संध्याकाळी बीजफलन, मग सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकात दोन केंद्रकं दिसतात का ते पाहायचं. दोन दिसली तर फलन नीट, तीन दिसली तर तो भ्रूण वापरायचा नाही. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेला भ्रूण. १९७८ च्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या कामात जीन पर्डी होत्या, मूळच्या परिचारिका, आणि भ्रूणतज्ज्ञाचं काम त्यांनी केलं. त्यांचं नाव फार उशिरा घेतलं जायला लागलं.

सुटीच्या दिवशीही यावं लागतं. भ्रूणाला रविवार कळत नाही.

शून्य_दशांश

मी संगणकावरचा. पदवी हीच, नंतर जैवमाहितीशास्त्र. पांढरा कोट कधीच सुटला.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात कळलं की वर्गातले सगळे प्रयोगाला घाबरत नाहीत, आलेल्या आकड्यांना घाबरतात. मी आकड्यांकडे वळलो. भाचीला एवढंच सांगा: सांख्यिकीच्या तासाला झोपू नकोस, आणि आर किंवा पायथन या संगणकभाषांतली एक आतापासून हाताशी धर. सगळी विद्यापीठं ते पुरेसं शिकवत नाहीत.

आणि एक्सेलवर जीव टाकू नका. 'मार्च१' नावाचं जनुक होतं, 'सेप्ट२' नावाचंही. एक्सेल त्यांना तारखा समजून परस्पर बदलायचं: एक मार्च, दोन सप्टेंबर. छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांमध्येसुद्धा जनुकांच्या रांगेत तारखा बसलेल्या सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचं नामकरण करणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं. मानवी जनुकांनी स्प्रेडशीटपुढे माघार घेतली म्हणायची!

मुक्कामपोस्ट

हे भारी आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता मनातलं विचारते. ही पदवी घेऊन नंतर वैद्यकीयला जाता येतं म्हणतात. लेकाचा डोळा त्यावर आहे.

पेशीपुराण

काही देशांत येतं. अमेरिकेत तर वैद्यकीय शिक्षणच आधीच्या पदवीनंतर सुरू होतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. पण स्पर्धा सोपी नाही, आणि ज्या देशात शिकायचं तिथला नियम आधी वाचावा. आमच्या वर्गातले असे पाच-सहाजण तीन वर्षं प्रतीक्षालयात बसल्यासारखे बसले. त्यातल्या एकीलाच प्रवेश मिळाला. बाकीच्यांना ना हे धड आवडलं, ना ते मिळालं.

रात्रपाळी

+१. याउलटही पाहिलंय. माझी सध्याची विभागप्रमुख वैद्यकीयच्या आशेनेच आली होती. दुसऱ्या वर्षी रक्तसंक्रमणाच्या विभागात सहा आठवडे प्रशिक्षणाला गेली, एका अवघड रुग्णासाठी जुळणारं रक्त शोधण्यात दोन दिवस घालवले, आणि अर्ज भरायचा राहूनच गेला. ते ती स्वतःच सांगते.

म्हणून शेवटचं: कामाचा अनुभव देणारं वर्ष किंवा महिने अभ्यासक्रमातच आहेत का, हे विचारा. आणि शेवटचा प्रकल्प कुणाकडे करायचा ते विषय पाहून ठरवू नका. मार्गदर्शक आठवड्यातून एकदा तरी भेटतो का, ते आधीच्या मुलांना विचारून ठरवा.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा ताईच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला. भाऊजी 'राखीव उपाधी' या शब्दांवर खूश झाले, पाटीचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. ताईने थॅलिडोमाइडचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

भाची मधेच उठून आत गेली. मला वाटलं कंटाळली. अर्ध्या तासाने फोन हातात घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, त्या रात्रपाळीवाल्या काकांना विचार. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. मग त्या नमुन्यात पोटॅशियम वाढलं तसं कॅल्शियम कमी आलं असेल ना? ते बघूनच त्यांना संशय आला का?"

मला उत्तर माहीत नाही. विचारते आहे.

रात्रपाळी

कॅल्शियम १.१ होतं. २.२ च्या आसपास तरी हवं. एएलपी (अल्कलाइन फॉस्फटेज) हे विकरसुद्धा तळाला गेलं होतं. दोन्ही त्याच पानावर होतं आणि मी लिहायचं विसरलो, तेच तर मुख्य होतं.

निळीशाई

वाचून दाखवलं. आता विचारतेय, एएलपी का खाली गेलं?

रात्रपाळी

ईडीटीए कॅल्शियमवर थांबत नाही, जस्त आणि मॅग्नेशियमही पकडतं. एएलपी हे विकर आहे, आणि त्याला चालायला ते दोन्ही लागतात.